चौकशीसाठी ठेवलेला हात

माझा उजवा हात मोडला तो धाकट्या दिराच्या मुंजीच्या तयारीत. एकोणीसशे चौतीस-पस्तीसचा सुमार असेल. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. माहेर नामपूरचं, वडील तिथल्या मराठी शाळेत मास्तर. सासर नाशकात, रविवार कारंज्याच्या मागच्या बाजूला. मुंज तोंडावर आली होती आणि माळ्यावरची मोठी पितळी पातेली खाली काढायची होती. मी शिडीवर, खाली नणंद, माझ्याच वयाची, मुंजीसाठी सासरहून आलेली. दोन पातेली तिच्या हातात दिली, तिसरं ओढताना शिडी सरकली. मी कोपरावर आपटले. पातेलं गडगडत अंगणापर्यंत गेलं, आणि त्याचा आवाज थांबल्यावर मग मला माझं ओरडणं ऐकू आलं.

सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणत असू. त्यांनी टांगा बोलावला आणि मला डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं.

या दवाखान्याची हकीकत आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं. डॉक्टर मुंबईहून शिकून आलेले. सुरुवातीला भाड्याच्या दोन खोल्यांत बसत. हाताला गुण आहे म्हणून त्यांचं नाव झालं. सरकारी इस्पितळ गावात होतंच, पण आमच्यासारख्या घरांतली माणसं तिथे जायला कचरत. तिथे गेलेला परत येत नाही, अशी एक उगाचची भीती होती. मग गावातल्या काही मंडळींनी ठरवलं, की या डॉक्टरांना हाताशी धरून आपला एक दवाखाना काढावा. वर्गणी जमली, एका व्यापाऱ्याने जागा दिली, दहा-बारा खाटांची दगडी इमारत उभी राहिली. देखरेखीला कमिटी नेमली. मामंजी वकील, ते तिचे चिटणीस झाले.

डॉक्टरांनी आपली हत्यारं आणली, आपली टेबलं आणली, आपला कंपाउंडर आणला. दारावर पाटी लावली ती स्वतःच्या नावाची. लोकवर्गणीतून इमारत बांधल्याचा संगमरवरी दगड आतल्या खोलीच्या भिंतीत बसवला गेला, जिथे तो कोणाला दिसत नसे. तिथून कुरबुर सुरू झाली. कमिटी म्हणे, दवाखाना गावाचा, डॉक्टर आम्ही नेमलेला. डॉक्टर म्हणत, "भिंती तुमच्या. दवाखाना माझा." हे वाक्य मामंजी जेवताना म्हणून दाखवत आणि मग त्यांचा घास हातातच राही.

पण माझा हात मोडला तेव्हा ते मला दुसरीकडे कुठे नेणार? डॉक्टरांचं काम चांगलं होतं, हे तेही मानत.

डॉक्टरांनी हात पाहिला, मला "मुली" म्हणून हाक मारली, हुंगायला औषध दिलं. शुद्धीवर आले तेव्हा हात कोपरात दुमडून, बांबूच्या कामट्या लावून, बोटांपर्यंत घट्ट बांधलेला होता. डॉक्टर मामंजींना म्हणाले, "आजची रात्र तिला इथेच राहू द्या."

"घरात मुंज आहे. पाहुणे यायला लागलेत. सून दवाखान्यात म्हटलं की सगळ्यांचा जीव टांगणीला. घरी नेतो."

"न्या. पण बोटांकडे लक्ष ठेवा. काळी-निळी पडली, मुंग्या आल्या, तर वाट बघू नका. तशीच घेऊन या."

मी खाटेवर पडल्या पडल्या हे ऐकलं. मामंजींनी मान हलवली.

संध्याकाळी बोटं सुजली. दिवे लागेपर्यंत नखांखाली निळसर झाली. कोणी तरी हात पिळून काढतंय असं दुखत होतं. मी सासूबाईंना दाखवलं. त्यांच्या हाताला पीठ होतं. ते तसंच पदराला पुसून त्या बाहेर गेल्या आणि यांना दवाखान्यात पाठवलं. हे म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती, मलाही ती कधी सुटली नाही. ते तेव्हा शाळेत शिकवायला नुकते लागले होते.

हे परत आले ते एकटेच. डॉक्टर मोटारीने देवळालीला एका रोग्याला बघायला गेले होते. कंपाउंडर म्हणाला, "साहेबांनी बांधलेल्या पट्टीला मला हात लावता येत नाही. सकाळी आले की सांगतो. हाड मोडल्यावर दुखायचंच थोडं."

सकाळ झाली. डॉक्टर आले नाहीत, कोणी बोलवायलाही आलं नाही. घरात देवक बसायचं होतं, भटजी आले होते, चुलीवर आधण होतं. मी पुन्हा सासूबाईंना सांगितलं, "बोटं हलत नाहीत हो." त्यांनी माझी बोटं आपल्या हातात घेतली. गार लागली असावीत, कारण त्या दचकल्या आणि थेट मामंजींकडे गेल्या. मी माजघरात होते, ओसरीवरचं बोलणं ऐकू येत होतं.

"तिला घेऊन जायला हवं."

मामंजी म्हणाले, "काल माणूस पाठवला होता ना? निरोप पोचलाय. चिटणिसाच्या घरचा निरोप आहे. त्याने यायला हवं. मोटार आहे त्याच्याकडे."

"अहो, पण..."

"दवाखाना आपला आहे. आपण किती वेळा दार ठोठावायचं?"

असा तो दिवस गेला. मुंजीच्या दिवशी माझं दुखणं थांबलं. अगदी एकाएकी. मी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं; सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मातृभोजनाच्या पंगतीत मी भिंतीला टेकून बसले, हात मांडीवर ठेवून, आणि त्या हातावर माशी बसली तर मला कळत नव्हतं. मला वाटलं, बरं होताना असंच होत असेल.

मुंजीच्या दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते माझ्या तळहाताला टाचणी टोचत राहिले. मग ताठ उभे राहून मामंजींना म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलं होतं."

"आणि आम्ही माणूस पाठवला होता!"

"मला कोणी काही सांगितलं नाही."

कंपाउंडर कोपऱ्यात बाटल्या पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

पुढच्या काही आठवड्यांत माझी बोटं आत वळत गेली. मनगट खाली वाकलं, तळवा पोकळ झाला, आणि पंजा पक्ष्याच्या नखांसारखा दिसू लागला. मला तांब्या उचलता येईना, पोळी लाटता येईना, केस विंचरता येईनात. चिठ्ठी लिहायची तर डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलीसारखी. तशीच एक मी नामपूरला पाठवली. वडील आले. ते माझ्याजवळ बसले आणि माझी बोटं हळूच उघडून बघायला लागले. एक उघडलं की दुसरं मिटायचं. ते मामंजींना म्हणाले, "हिला काही दिवस घेऊन जातो."

मामंजी म्हणाले, "चौकशी आटोपली की पाठवतो. आता ती इथे हवी."

कारण आता चौकशी ठरली होती. कमिटीला इतके दिवस डॉक्टरांविरुद्ध नेमकं काही सापडत नव्हतं. ते आता सापडलं होतं. बाहेरचे तीन वजनदार गृहस्थ पंच म्हणून नेमायचे, माझ्या हाताची चौकशी करायची, आणि डॉक्टर हलगर्जी ठरले की दवाखान्याचा ताबा घ्यायचा. मामंजी या कामात बुडून गेले. ते दुष्ट नव्हते. मला वाटतं, त्यांना माझ्याबद्दल खरंच वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्याचं काय करायचं ते त्यांना एवढंच कळत होतं.

ओसरीवर रोज कोणी ना कोणी येई. बोलणं रंगात आलं की आतून हाक येई, "अगं, जरा बाहेर ये." मी डोक्यावरचा पदर सावरून जाई. "हात दाखव." मी पदराखालून हात काढून पुढे धरी. लोक "अरेरे" म्हणत. कोणी तरी डॉक्टरांना शिवी घाली. मग मामंजी म्हणत, "जा आत." परक्या पुरुषांसमोर कधी उभी न राहिलेली मी, सुरुवातीला माझे पाय कापत. पुढे कापेनासे झाले. ते मला जास्त लागलं.

एक दिवस मामंजी मला सरकारी इस्पितळात घेऊन गेले. हेही बरोबर होते. तिथले मोठे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी हात दोन्ही बाजूंनी पाहिला आणि सरळ सांगितलं, "पूर्ण बरा होणार नाही. पण आत्ता इथे ठेवलीत, तर आवळलेलं थोडं सैल करता येईल. बोटं रोज थोडी थोडी उघडून बांधत गेलो तर कामाला येतील. जितका उशीर, तितकी आवळत जातील."

मामंजी म्हणाले, "हे मला लिहून द्या."

डॉक्टरांनी लिहून दिलं. मामंजींनी कागदाची घडी केली, कोटाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "चला."

टांग्यात बसल्यावर हे पहिल्यांदाच बोलले, वडिलांना म्हणाले, "आप्पा, तिला ठेवून घेतो म्हणाले ते."

"ठेवू की. चौकशी होऊ दे. आज त्यांनी हात सोडवला, थोडा बरा झाला, तर पंचांपुढे काय दाखवायचं? तोपर्यंत हाताला कोणी काही करायचं नाही."

मी रस्त्याकडे बघत होते. त्या दिवशी मला माझ्या हाताचा राग आला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता आणि माझ्या अंगाला चिकटून राहिला होता.

चौकशी लवकर होईल अशी आशा होती, पण लांबत गेली. पंचांपैकी एकजण इगतपुरीला मुलाकडे गेले आणि घाटातल्या पावसात आजारी पडून तिथेच राहिले. ते बरे होऊन येईपर्यंत पावसाळा संपला. माझा अंगठासुद्धा आत वळला होता.

चौकशी दवाखान्यातच झाली, त्या आतल्या खोलीत, संगमरवरी दगडाखाली. एका बाजूला मामंजी आणि कमिटीची मंडळी, दुसऱ्या बाजूला डॉक्टर आणि त्यांचा कंपाउंडर, मध्ये पंच. मला खुर्ची दिली होती. सासूबाई माझ्यामागे उभ्या होत्या. आधी मामंजींनी सरकारी डॉक्टरांचा कागद वाचला. फक्त हात कसा झालाय तेवढा भाग. मग मला हात वर धरायला सांगितला. मी धरला.

एका पंचांनी विचारलं, "बाई, त्या संध्याकाळी दवाखान्यात निरोप गेला होता का?"

"हो."

"मग डॉक्टर आले का?"

"नाही."

मामंजी खाली बसणार होते, तेवढ्यात डॉक्टर उठले. ते माझ्याशी नेहमीच्याच आवाजात बोलले. "मुली, तुला घरी नेताना मी काय सांगितलं होतं, आठवतं?"

मला घरून नीट पढवलेलं होतं. शुद्धीवर नव्हते, काही ऐकलं नाही, असं सांगायचं होतं. पण एवढे महिने त्या हाताबद्दल सगळे बोलले होते आणि मला पहिल्यांदाच कोणी तरी काही विचारत होतं. मी म्हणाले, "आठवतं. बोटं निळी पडली तर तशीच घेऊन या, म्हणालात."

"मग आणलं का?"

"नाही. मी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. घरचे म्हणाले, निरोप दिलाय, डॉक्टर येतील."

डॉक्टर बसायला लागले. मी म्हणाले, "अजून सांगायचंय." आवाज इतका मोठा निघाला की माझी मीच घाबरले. "तुमचा कंपाउंडर म्हणाला, पट्टीला हात लावायचा नाही. ती नुसती सैल केली असती तरी चाललं असतं ना? आणि मोठे डॉक्टर म्हणाले होते, हिला इथे ठेवा, बोटं उघडतील. तेही त्या कागदात आहे. ते कोणी वाचलं नाही. मला चौकशीसाठी ठेवलं."

पंचांनी कागद मागून घेतला. मामंजी माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडे बघत होते. सासूबाईंचा हात माझ्या खांद्यावर पडला. मला वाटलं, त्या मला उठवून नेतील. त्यांनी तो तसाच ठेवला.

त्या दिवशी घरी कोणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे टांगा घेऊन आले. मामंजी ओसरीवर होते. हे त्यांच्या समोरून मला घेऊन गेले. परवानगी मागितली नाही, पण टांग्यात चढताना त्यांची वहाण पायरीवरून निसटली आणि मलाच त्यांना आधार द्यावासा वाटला.

सरकारी इस्पितळात मी बरेच दिवस होते. शेजारच्या खाटेवर मालेगावकडच्या एका विणकराची बायको होती, पोटाचं ऑपरेशन झालेली, मुसलमान. सुरुवातीला मी तिच्याकडे पाठ करून झोपे. एकदा माझे केस सुटले आणि एका हाताने बांधता येईनात, म्हणून मी रडायला लागले. ती पोट धरून उठली, माझ्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "रो मत बेटी, इधर मुंडी कर." तिने वेणी घातली, आमच्याकडे घालतात त्याहून घट्ट. सासूबाई भेटायला आल्या तेव्हा त्यांनी वेणी पाहिली. "कोणी घातली?" मी शेजारी बोट दाखवलं. पुढच्या वेळी डबा आणला त्यात दोन लाडू जास्त होते, आणि ते कोणासाठी हे त्यांनीही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

माझ्या ऑपरेशननंतर बोटांना पट्ट्या लावून ती रोज जराशी उघडत. फार दुखे. मोठे डॉक्टर म्हणत, दुखतंय ते चांगलं आहे.

एका दुपारी आमचे डॉक्टर, म्हणजे भांडणातले, मला बघायला आले. डोक्यावरची टोपी काढून खाटेजवळ उभे राहिले. त्यांनी माझी बोटं एकेक करून तपासली. मग म्हणाले, "कंपाउंडरला मी काढून टाकलं."

मी विचारलं, "त्याला पट्टी सैल करायला तुम्ही का मनाई केली होती?"

"माझ्या कामात दुसऱ्या कोणी हात घालू नये, असा माझा नियम होता. कमिटीची माणसं केव्हाही यायची, याला हे सांग, त्याला ते सांग. म्हणून मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. इथे माझ्याशिवाय कोणाचं काही चालणार नाही." त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "नाडी बघणं, पट्टी सोडणं त्याला येत होतं. मीच शिकवलं होतं."

मला त्यांच्यावर रागवायचं होतं. पण त्यांनी लपवलं काही नाही, आणि माझ्याकडे बघून बोलले, एवढंही मला तोवर कोणाकडून मिळालं नव्हतं.

पंचांचा निकाल असा आला की त्यातून कोणालाच काही मिळालं नाही. दोष दोन्हीकडे, असं त्यांनी लिहिलं. कमिटीत फूट पडली. मामंजींनी चिटणीसपद सोडलं. वर्षाच्या आत डॉक्टरांनी आपली टेबलं, कपाटं, हत्यारांच्या पेट्या बैलगाड्यांत भरून नेल्या आणि शरणपूरच्या रस्त्याला स्वतःच्या पैशांनी छोटा दवाखाना काढला. तिथे फी जास्त होती, गरिबांना परवडेना. इकडे दगडी इमारत कमिटीकडे आली, पण तिथे यायला दुसरा डॉक्टर तयार होईना. खाटा होत्या, चादरी होत्या, दाराला कुलूप होतं. भद्रकालीतली एक बाळंतपणाला आलेली बाई त्या बंद दाराशी बसून राहिली आणि तिथून तिला हातगाडीवर घालून सरकारी इस्पितळात न्यावं लागलं, असं मी ऐकलं. पुढे कमिटीने इमारत धान्याच्या व्यापाऱ्याला भाड्याने दिली.

माझी बोटं अर्धी उघडली. भांडं धरता येतं, सुई धरता येत नाही. मामंजी माझ्याशी कितीतरी दिवस थेट बोलले नाहीत. काही हवं असलं तर सासूबाईंमार्फत सांगत. ओसरीवर एखाद्या पाहुण्याची नजर माझ्या हाताकडे वळली, की ते आतल्या बाजूला बघून म्हणत, "दूध उतू जातंय का बघा जरा." चुलीवर दूध नसेच. मी आत जाई.

दोनेक वर्षांनी नणंद बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्या आणि सुईणीने मूल आडवं आहे म्हणून सांगितलं. घरात एकदम धावपळ झाली. कुठे न्यायचं? सगळे मामंजींकडे बघत होते. ते उठले, पायात वहाणा घातल्या आणि स्वतः जाऊन टांगा घेऊन आले. टांगेवाल्याला म्हणाले, "सरकारी."

इस्पितळाच्या दारात नर्स आली. नणंद टांग्यातच कण्हत होती. सासूबाई आधी एकट्या खाली उतरल्या. एवढं बोलणं त्यांनी परक्या बाईशी कधी केलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "डॉक्टर नसले आणि हिला काही झालं, तर कोण बघतं?"

"मी बघते," नर्स म्हणाली. "मला अडलं तर त्यांना घरून उठवते."

"हात लावायची तुला परवानगी आहे?"

नर्सला प्रश्न कळला नसावा. ती म्हणाली, "हात लावल्याशिवाय बाळंतपण कसं करू, आजी?"

सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग वळून मला म्हणाल्या, "धर गं तिला दुसऱ्या बाजूने," आणि आम्ही दोघींनी नणंदेला खाली उतरवलं.